पांढरी गोळी, पिवळी गोळी

जिन्याखालच्या खोलीत इस्त्री करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली कडकमामा म्हणायची. शर्टाची कॉलर अशी कडक करून द्यायचे, की घालणाऱ्याची मान आपोआप ताठ व्हायची. स्वतः मात्र फार नरम माणूस. मामींपुढे तर पार चुरगळलेला.

मामांना साखरेचा आजार होता, ब्लड प्रेशर होतं आणि तळपायांची आग व्हायची. ही आग कशाची, हे काही त्यांना उमगत नव्हतं. उभं राहून होत असेल म्हणावं, तर आडवं झाल्यावर जास्तच. सरकारी दवाखान्यात विचारायला जावं, तर दर वेळी खुर्चीत नवा डॉक्टर. रांगेत ताटकळून आत गेलं की तो म्हणायचा, "साखर वाढलीय, गोड कमी करा." पायांचं सांगायला मामा तोंड उघडेपर्यंत पुढच्या माणसाला हाक गेलेली असायची.

एकदा औषधाच्या खिडकीत साखरेच्या नेहमीच्या पांढऱ्या गोळ्यांऐवजी पिवळ्या मिळाल्या. "या घ्या," एवढंच आतला माणूस म्हणाला. साखर वाढलीय म्हणून एक गोळी वाढवली असणार, असं मामांना वाटलं. घरात पांढऱ्या उरल्या होत्याच. ते दोन्ही घ्यायला लागले.

मग जेवणाच्या आधी हात थरथरायला लागले, दरदरून घाम सुटायला लागला. मामी म्हणाल्या, "अहो, अशक्तपणा आलाय तुम्हाला." त्यांनी ताकदीचं औषध आणलं. काडीचा फरक पडला नाही. आणि एक दिवस एका वकीलबाईंच्या कोटावर मामांनी इस्त्री ठेवली ती ठेवलीच. धूर निघाला तरी ते नुसते बघत उभे. वकीलबाई दारातच होत्या. त्यांनी इस्त्री उचलली, मामांना खाली बसवलं आणि समोरच्या टपरीवरून गोडमिट्ट चहा आणून पाजला. थोड्या वेळात मामा टुणटुणीत!

"साखरेच्या आजाराला साखरेनेच बरं वाटतं?" ते मामींना विचारत राहिले. शेवटी मामांनी स्वतःच निष्कर्ष काढला. गोळ्या घेतल्या की त्रास, साखर खाल्ली की आराम, म्हणजे आजार गोळ्यांचाच आहे. त्यांनी सगळ्याच बंद केल्या, प्रेशरच्यासुद्धा.

थरथर गेली. मामा खुशीत शीळ घालत इस्त्री करायला लागले. पण मग घशाला कोरड पडायला लागली, सारखं लघवीला पळावं लागे, डोकं जड झालं आणि तळपाय तर निखाऱ्यावर ठेवल्यासारखे. तेव्हा मामींनी गोळ्यांची पिशवी उचलली आणि त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

तिथे नवीन नर्सबाई होत्या. "काय काय होतंय?" त्यांनी विचारलं, आणि त्या खरोखरच ऐकायला थांबल्या. मामांना कुठून सुरुवात करावी तेच सुचेना.

"सगळंच होतंय," ते म्हणाले.

मामींनी पिशवी टेबलावर उलटी केली. नर्सबाईंनी दोन पाकिटं बाजूला काढली. "या दोन्ही घेत होतात?"

"हो. एक साखरेची, एक वाढलेल्या साखरेची."

"मामा, औषध एकच आहे. फक्त कंपनी वेगळी, म्हणून रंग वेगळा. दुप्पट औषधानं साखर फार खाली गेली, म्हणून ती थरथर. आता सगळंच बंद केलंत, म्हणून पुन्हा चढलीय."

"मग पायांची आग कुठल्या गोळीची?"

"ती गोळीची नाही. साखरेनं नसा दुखावल्यात. औषधानं कमी होईल, पण साफ जाईल असं नाही सांगता येणार. आणि पाय रोज तपासा. बधिर झाले तर जखम झालेलीही कळणार नाही."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, साखरेच्या मात्र एकाच रंगाच्या. थरथर परत आली नाही. मामा उंच स्टुलावर बसून इस्त्री करायला लागले. आग कधी असायची, कधी नसायची. नसली की मामा जास्त घाबरायचे. पाय बरे झाले, की बधिर झाले?

संध्याकाळी दुकान बंद झालं, की मामी त्यांना डोळे मिटायला लावून पायाचं एकेक बोट दाबायच्या.

"कळतंय?"

"कळतंय की."

"कुठलं?"

"मधलं," मामा ठामपणे म्हणायचे. मामींच्या चिमटीत करंगळी असायची. त्या पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात करायच्या.