पुठ्ठ्याच्या जागी

इंग्लंडातल्या बर्नलीच्या बस डेपोत डग्लस एंटविसलला डग्लस कुणी म्हणत नसे. सगळे त्याला ‘कान’ म्हणत. कान मोठे होतेच त्याचे, पण नाव पडलं ते त्या कानांना जे कळायचं त्यावरून. सत्तरच्या दशकात शनिवार आला की लँकेशायरमधली निम्मी पोरं सोलवर, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या गाण्यांवर, नाचायला विगनला नाहीतर ब्लॅकपूलला धावायची. अमेरिकेत ज्यांना कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं, असल्या गायकांच्या तबकड्यांवर इथली गिरणीतली पोरं जीव टाकायची. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! ज्याच्याकडे दुर्मीळ तबकडी तो राजा, आणि आपलं गुपित फुटू नये म्हणून हे राजे लेबलावर पांढरा कागद चिकटवून त्यावर भलत्याच गायकाचं नाव लिहीत. डग्लस नाचघराच्या कठड्याला टेकायचा, डोळे मिटायचा. गायक गाण्याआधी श्वास घेतो ना, तेवढ्यावरून सांगायचा, "ही डेट्रॉइटची बाई. नाव काय वाट्टेल ते लिहा, बाई तीच." पैजा लागायच्या. गडी कधी हरला नाही.

असल्या कानाच्या माणसाच्या पोटी ग्रॅहम जन्मला. एकुलता एक. त्याला सोल नको, जॅझ नको. वीस वर्षांचा झाला तेव्हा गिरण्यांना कुलपं लागली होती, काम कुठे नव्हतं, म्हणून त्यानं दोन मित्र गाठले आणि प्रार्थनाघराच्या तळघरात बँड काढला. पोस्ट-पंक म्हणे. करकरणारी गिटार, डोक्यात घण घालणारे ड्रम, आणि वर ग्रॅहमचं गाणं.

"हे गाणं?" डग्लस म्हणायचा. "मांजराच्या शेपटीवर पाय पडलाय कुणाचा तरी."

"डॅड, तुझी गाणी मेलेल्या माणसांची," ग्रॅहम हसायचा. "आमची जिवंत माणसांची आहेत."

आईनं, ग्लेनिसनं, नाताळसाठी साठवलेले पैसे काढून दिले आणि पोरांनी तीनशे तबकड्या छापून आणल्या. कव्हरं घरीच केली. ग्लेनिस स्वयंपाकघरात बसून कागद दुमडायची, खळ लावायची. डग्लस चहाचा कप घेऊन तिथूनच ये-जा करायचा, पण कधी थांबला नाही. एक तबकडी ग्रॅहमनं मुद्दाम त्याच्या खुर्चीत ठेवली.

"एकदा ऐक ना."

"ऐकतो रे. वेळ मिळू दे."

वेळ! डेट्रॉइटच्या कुण्या अनोळखी बाईसाठी याला रात्र रात्र वेळ होता.

तबकड्या खपल्या नाहीत. थोड्या कार्यक्रमांत गेल्या, बाकीची खोकी जिन्याखाली पडली. आता डग्लसचा जोडधंदा असा की, स्वतःकडे दोन-दोन झालेल्या सोल तबकड्या तो टपालानं परदेशी विकायचा. बेल्जियम, जर्मनी, जपान. ग्लेनिसचं अक्षर वळणदार, म्हणून पार्सलावर पत्ते ती घालायची. चांगली तबकडी पाठवताना तिच्या दोन्ही बाजूंना एकेक टाकाऊ तबकडी ठेवायची, म्हणजे धक्का लागला तर टाकाऊ मोडते, चांगली वाचते. सगळे संग्राहक हेच करतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. डग्लसकडच्या टाकाऊ तबकड्या संपल्या. जिन्याखालची खोकी हाताशी होती. झालं, पुठ्ठ्याच्या जागी लेकाच्या तबकड्या लागल्या.

एकदा ग्रॅहमनं पाहिलं. दारात उभा राहिला, बापाचे हात बघत राहिला. मग म्हणाला, "चला, निदान बेल्जियम तरी बघून येतील." आणि हसला. डग्लसही हसला. हसला, मेला!

फेब्रुवारीत टॉडमॉर्डनकडून येताना बर्फावरून त्या पोरांची गाडी दरीत गेली. तिघंही गेली.

दफन झाल्यावर ग्लेनिस म्हणाली, "डग, त्याची रेकॉर्ड आण. ऐकायचीय मला." डग्लस जिन्याखाली वाकला. खोकी रिकामी होती. खुर्चीतली आठवली, पण ती त्यानं नाताळातच ओसाकाच्या पार्सलात घातली होती, न ऐकता. ड्रम वाजवणाऱ्या पोराच्या बापानं आपल्याकडची पोराबरोबर शवपेटीत ठेवली होती. तिसऱ्याच्या घरच्यांनी दुःखाच्या भरात सगळं जाळून टाकलं होतं. गाणं रेकॉर्ड करणारा स्टुडिओवाला म्हणाला, टेप महाग असते हो, पुसून दुसऱ्यांना वापरली.

ग्लेनिस ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पार्सलावर पत्ते घालणाऱ्या आपल्या हाताकडे बघत बसली, आणि एवढंच म्हणाली, "मला त्याचा आवाज पाहिजे. एकदाच. कुठूनही आण."

तेव्हापासून डग्लस एंटविसलची तंगडतोड सुरू झाली. जुन्या तबकड्यांची दुकानं, धर्मादाय दुकानं, चर्चच्या हॉलात भरणारे बाजार. प्रेस्टन, लीड्स, शेफील्ड. पुढे सीडी आल्या आणि लोक तबकड्या पोत्यांनी टाकू लागले, तर हा त्या पोत्यांत कोपरापर्यंत हात घालायचा. वाटेत सोल दिसली की घ्यायचा, जॅझ दिसली की घ्यायचा. जित्याची खोड ती. पण बोटं शोधायची ती खळीनं चिकटवलेलं एक करडं कव्हर. एखाद्या संग्रहाच्या सीडीवर त्यांचं गाणं कुणी घेतलं असेल म्हणून त्या काळच्या बँडांच्या सीडीही आणायचा, आणि आणल्यात तर पैसे वाया जाऊ नयेत म्हणून ऐकायचा. ऐकता ऐकता एक दिवस त्याला ते आवडायला लागलं. ती करकर कशासाठी, तो घण कुणाच्या डोक्यात, सगळं उमगायला लागलं. दुसऱ्यांची पोरं ऐकून त्याला आपला पोरगा कळू लागला. याच्याइतका वाईट शाप मी तरी ऐकलेला नाही.

दुकानदार म्हणायचे, "ते बर्नलीचे तिघं ना? काय बँड होता राव! मिळाली तर मलाच हवीय." मेल्या म्हशीला मणभर दूध. डग्लसनं एकालाही सांगितलं नाही की गाणारा माझा मुलगा. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग तुमच्या घरी नाही होय? त्याचं उत्तर कुठल्या तोंडानं द्यायचं?

सोळा वर्षं अशी गेली. मग ग्लेनिसला कॅन्सर निघाला, सगळीकडे पसरलेला. रस्त्याकडच्या खोलीत तिची खाट आणली, नर्स येऊन औषध टोचून जाऊ लागली.

"लुडोला विचारलंस?" एका सकाळी तिनं विचारलं.

लुडो हा बेल्जियममधला डग्लसचा सगळ्यात जुना गिऱ्हाईक. या घरात जेवलेला, ग्रॅहमला खांद्यावर घेऊन फिरलेला. बाकीच्यांना डग्लसनं कधीच विचारून झालं होतं. कुणी मेलं होतं, कुणी फेकून दिलं होतं. लुडोला विचारायचं धाडस त्याला होत नव्हतं; पॅकिंगला आपण लेकाचीच गाणी घातली, हे त्याला कसं सांगणार?

"अगं, त्याच्याकडे कुठली असणार?"

"निम्म्या पार्सलांवर त्याचाच पत्ता घातलाय मी. लाव फोन."

त्यानं बोळात जाऊन फोन लावला.

"त्या पॅकिंगवाल्या?" लुडो खो खो हसला. "करडी कव्हरं? आहेत दोन. मी काही फेकत नाही बाबा. बायको म्हणते, एक दिवस तुलाच फेकते. पण तुला कशाला पाहिजेत रे?"

डग्लसनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. सांग की रे बाबा! दोन शब्द तर सांगायचे होते.

"काही नाही," तो म्हणाला. "पॅकिंगला बऱ्या होत्या. मजबूत."

"वेडाच आहेस! पाठवतो."

तो खोलीत परतला तेव्हा ग्लेनिस उशीवरून मान उचलून बघत होती. "सांगितलंस ना, ग्रॅहमची आहे म्हणून? नीट पाठवायला सांगितलंस ना?"

"हो," डग्लस म्हणाला.

त्यानंतर ती पोस्टमनच्या वाटेकडे कान लावून जगली. नर्स म्हणायची, बाईंनी जीव धरून ठेवलाय कशासाठी तरी.

पार्सल आलं. एक कोपरा चेपलेला होता. डग्लसनं ते तिच्या खाटेवरच उघडलं. आत करडं कव्हर होतं, त्याखाली जाड पुठ्ठ्यात काहीतरी, त्याखाली पुन्हा करडं कव्हर. पुठ्ठ्यावर लुडोनं लिहिलं होतं, "म्हाताऱ्या, तुझं पॅकिंग परत. मधली भेट तुझ्यासाठी." मधे डेट्रॉइटच्या त्या बाईची तबकडी होती. तीस वर्षं डग्लसला न मिळालेली. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. टाकाऊ तबकड्यांनी आपलं काम चोख केलं होतं: वरचीचे चार तुकडे झाले होते, खालचीची कड आतपर्यंत मोडून गेली होती.

"आली?" ग्लेनिसनं डोळे न उघडता विचारलं.

"आली."

"लाव मग."

मोडलेली तबकडी त्यानं प्लेअरवर ठेवली. जिथं मोड संपत होती तिथं, अगदी आतल्या खाचांवर, हातानं सुई टेकवली. गाणं गाऊन संपलेलं होतं. गिटार करकरत होती, ड्रम घण घालत होते, आणि डग्लसला आज ते कळत होतं, सगळंच्या सगळं कळत होतं. मग वाद्यं थांबली. सगळ्यात शेवटी, लेबलाला लागून, कुणीतरी घसा खाकरला आणि थोडंसं हसलं. बस.

ग्लेनिसनं डोळे उघडले. "ग्रॅहम?" मग डग्लसकडे वळली. "तोच ना रे? औषधानं माझं डोकं भरलंय, मला नीट ओळखू येत नाही. तू सांग. तुला तर नुसत्या श्वासावरून कळतं."

डग्लसनं सुई परत मागे घेतली. पूर्वी कठड्याला टेकून उभा राहायचा तसा भिंतीला टेकला, डोळे मिटले. घसा खाकरला, हसू आलं. तीन पोरं होती त्या खोलीत. त्यानं पुन्हा लावलं, सगळा जीव कानात आणून ऐकलं. त्याला काही कळेना. कळायला तो आवाज आधी कधी कान देऊन ऐकलेला असावा लागतो.

"हो," तो म्हणाला. "आपलाच आहे."

"मला वाटलंच," ग्लेनिस म्हणाली. "पुन्हा लाव."

ती झोपेपर्यंत तो लावत राहिला. ती झोपल्यावरही लावत राहिला, अजून तरी ओळख पटते का बघत.