कुशाबा तळेकरांच्या आवाजाची मालकी

कुशाबा तळेकरांची यंत्रांविषयीची मतं पक्की होती आणि ती न मागता मिळत. स्क्रूनं जोडलेली वस्तू घ्यावी, गोंदानं चिकटवलेली घेऊ नये. जिला बटण नाही तिच्यावर विश्वास ठेवू नये. फोन हातातून निसटला तर दोष फोनचा, त्याला साबणासारखा गुळगुळीत करायला सांगितलं होतं कोणी? करी रोडच्या आमच्या चाळीत कोणी नवा टीव्ही आणला की कुशाबा पहिले हजर. ते टीव्ही समोरून बघत नसत, मागून बघत. "तोंड काय, दुकानात सगळ्यांचंच चांगलं दिसतं," म्हणत.

ही मतं त्यांना मिलनं दिली. ते साळखात्यात होते, म्हणजे विणकामाला. साचा, म्हणजे माग, अडला की त्याच्या पोटात हात घालायचा, चालू करायचा, पुन्हा अडेपर्यंत शिव्या घालायच्या. पुढं ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. गुढीपाडव्याला मिटेल, मग गणपतीत मिटेल, मग दिवाळीत नक्की मिटेल असं ऐकत ऐकत अर्धी चाळ गावाला निघून गेली. कुशाबा राहिले. शेती भावांनी कसलेली, तिथं जाऊन आयतं जेवायचं कुठल्या तोंडानं?

त्याच वर्षी कुशाबांच्या बायकोचा, कौसल्यावहिनींचा, भाऊ धोंडू दुबईहून आला. बहिणीला भाऊबीज म्हणून त्यानं टेपरेकॉर्डर आणला. दोन कॅसेटी एकदम बसायच्या, एकीतलं गाणं दुसरीत उतरायचं. चाळीतल्या बायका तो बघायला रांगेनं आल्या. कुशाबांनी नेहमीप्रमाणे त्याची पाठ बघितली, चार स्क्रू मोजले आणि म्हणाले, "चांगला आहे." आठवडाभरात जिन्याखालच्या सांदीत पाटी लागली: आवडीची गाणी भरून मिळतील.

गाणी सिनेमाची, लावण्या, आरत्या, जे मागाल ते. मूळ कॅसेट एक, तिची पिल्लं शंभर. बँकेतल्या एका सज्जन माणसानं एकदा विचारलं, "तळेकर, ही गाणी कंपनीची. अशी उतरवून विकली तर चालतं का?"

"गाणं कुठं असतं? हवेत," कुशाबा म्हणाले. "हवा कुणाच्या बापाची?"

एकदा कंपनीचा माणूस खरंच आला. सफारी सूट, हातात बॅग. त्यानं कायदा सांगितला, कलम सांगितलं, दंड सांगितला. कुशाबांनी त्याला चहा पाजला आणि संपाची हकिकत सांगितली. तासाभरानं तो निघाला तेव्हा मेहुणीच्या हळदीसाठी त्याच्या बॅगेत दोन कॅसेटी भरलेल्या होत्या.

कुशाबांचा खरा जीव मात्र भजनात. संपाच्या दुसऱ्या नवरात्रात चाळीच्या पटांगणात डबलबारी ठरली. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकानं गाण्यातून टोला हाणायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच परतवायचा. एका बाजूला कुशाबा, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच खात्यातले रामदासबुवा पेडणेकर. त्या वर्षी देवीपेक्षा मिलमालकाचंच नाव जास्त घेतलं गेलं. कुशाबांनी सगळ्यांनी मिळून म्हणायचा देवीचा गजर धरला, "आई, भोंगा तुझा गं मुका का झाला?" आणि सगळं पटांगण उठून उभं राहिलं. मिलचा भोंगा न ऐकता झोपेतून उठायची सवय कुणालाच लागली नव्हती. कोरसला पुरुष रडत होते. वहिनींनी टेपरेकॉर्डर पायरीवर ठेवून तो गजर भरून घेतला. त्याच्या कॅसेटी मग एसटीनं मालवण, देवगड, कणकवलीला गेल्या. संपवाल्यांच्या घराघरांत कुशाबांचा आवाज पोचला.

संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. मिल मात्र गेली. पुढं कॅसेट गेली, तिच्या मागं सीडी गेली, आणि जिन्याखालची सांदी गेली ती जिन्यासकट. चाळीच्या जागी टॉवर झाला. समुद्र दिसतो त्या बाजूला नवे लोक, फ्लायओव्हर दिसतो त्या बाजूला आम्ही. कुशाबांची मुलगी अंबिका सॉफ्टवेअरमध्ये लागली. तिचं ऑफिस लोअर परळला काचेच्या इमारतीत. तिथं काय बनतं असं कुशाबा विचारत. ती सांगे, त्यांना कळत नसे, आणि न कळलेलं ते खाली कट्ट्यावर येऊन आम्हाला समजावत.

तीन वर्षांपूर्वी अंबिकेनं जुन्या कॅसेटमधला तो गजर काढला, साफ केला आणि एका व्हिडिओच्या अॅपवर टाकला. वर कुशाबांचा लग्नातला फोटो. बघता बघता लोकांनी उचलून धरला. देवगडहून कुणी लिहिलं, "माझ्या आजोबांकडं ही कॅसेट होती." मस्कतहून कुणी रडक्या चेहऱ्यांची ओळ पाठवली. कुशाबांनी बटण नसलेल्या वस्तूंबद्दलचं मत तात्पुरतं मागं घेतलं. फोन सदऱ्याच्या खिशात ठेवू लागले आणि दिसेल त्याला ऐकवू लागले. लिफ्टमध्ये तर माणसाला पळायलाही जागा नसते.

एका रविवारी गजर ऐकू येईना. चित्र होतं, कुशाबांचं तोंड होतं, आवाज नव्हता.

"बाबा, आवाज बंद केलाय त्यांनी," अंबिका म्हणाली. "दुसऱ्याच्या मालकीचा आहे म्हणे."

"कुणाच्या?"

"अंधेरीत एक म्युझिक कंपनी आहे. त्यांच्याकडं कोकणी भजनांचा अल्बम आहे. त्यात हा गजर आहे."

"आणि गायक कोण लिहिलाय?"

अंबिकेनं फोन जवळ धरून पाहिलं. "गायक: पारंपरिक."

"हा कोण पारंपरिक? कुठल्या गावचा?"

"कुणी नाही, बाबा. म्हणजे पूर्वीपासून चालत आलेलं. बिनमालकाचं."

"बिनमालकाचं, मग कंपनीचं कसं?"

गजर तिथं पोचला कसा ते अंबिकेनं दोन दिवसांत शोधलं. दादरच्या एका कॅसेटवाल्यानं कुशाबांचीच कॅसेट घेऊन तिच्या हजारो प्रती काढल्या होत्या. म्हातारपणी त्यानं सगळा माल किलोच्या भावानं त्या कंपनीला विकला. वरच्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या, म्हणून सगळेच गायक पारंपरिक झाले.

"मेला चोर!" कुशाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही पण हेच करत होता."

"आम्ही भरत होतो ते लोकांच्या आवडीसाठी. पाटीवर लिहिलं होतं, आवडीची गाणी!"

कुशाबांना राग कंपनीपेक्षा निकाल देणाऱ्याचा जास्त आला. कोण होता तो? त्याला समोर बसवा, चहा पाजू, हकिकत सांगू. अंबिकेनं सांगितलं की माणूस कुणी नाहीच. आवाज ताडून बघणारं सॉफ्टवेअर असतं. तसलंच सॉफ्टवेअर तीही ऑफिसात लिहिते, दुसऱ्या कंपनीसाठी.

"आणि ते चुकलं तर?"

"चुकतं कधीकधी. आम्हाला माहीत आहे. पुढच्या व्हर्जनमध्ये दुरुस्त करायचं ठरलंय."

"कधी ठरलंय?"

"मी लागले तेव्हा."

"मग मधे एखादा माणूस बसवा की बघायला."

"माणूस बसवला तर परवडत नाही, बाबा. फार लोक असतात."

"लोक फार झाले म्हणून माणूस नको," कुशाबा म्हणाले. "मिलचा शेठ पण हेच म्हणाला होता."

अंबिकेनं लॅपटॉप पुढं ओढला. मग तिनं हरकत नोंदवायला घेतली. तिथं मालकाचं नाव विचारलं होतं आणि जागा एकाच नावाची होती. साक्षीला म्हणून शीवहून रामदासबुवांना बोलावलं. बुवा मुलाकडं राहतात. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. आधी त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "नाव माझं घाल. शब्द माझे होते."

"तुझे? तू तर समोरच्या बारीला होतास!"

"आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत... आता सुट्टी कसली, संपच होता. गेटवर बसलो होतो तेव्हा मी म्हटली ती ओळ. तू उचललीस. मी मोठेपणानं गप्प बसलो."

"चाळीस वर्षं?"

"मोठेपणा मोठा होता."

"आणि चाल?" अंबिकेनं विचारलं. दोघंही खिडकीबाहेर बघू लागले. चाल त्या साली गाजलेल्या हिंदी सिनेमातल्या कॅबरेची होती.

इतका वेळ कौसल्यावहिनी आत मासे साफ करत होत्या. त्या सुरी घेऊनच बाहेर आल्या. "टेप कोणाचो? माझ्या भावान माका दिलेलो. बटान कोणी दाबल्यान? मियां. तुमी दोघा नुसती बोंबलत होतास. घाल गे माझा नाव."

अंबिकेनं इंटरनेटवर शोधलं आणि चेहरा पाडून सांगितलं की कायद्याच्या दृष्टीनं आईचा मुद्दा सगळ्यांत बळकट दिसतो. त्यावर कुशाबा अर्धा तास कायद्याला आणि पाऊण तास धोंडूला बोलले. शेवटी वहिनींनीच मासे नासतील म्हणून माघार घेतली आणि अर्जात कुशाबांचं नाव गेलं. उत्तर यायला वहिनींचं सार उकळायचा वेळही लागला नाही. लिहिलं होतं: प्रिय कलाकार, आपले म्हणणे आम्ही काळजीपूर्वक तपासले आहे. आवाज आपला नाही.

कुशाबा उठले. त्यांनी पेटी काढली, तिच्यावरची धूळ फुंकली. "लाव गो तुझा फोन. आता याच्या तोंडावर गातो. ऐकू दे त्याला, कोणाचा आवाज आहे."

रामदासबुवांनी मांडीवर ठेका धरला. कुशाबांचं वय एकाहत्तर, दमा, वरचे दोन दात नाहीत. भोंग्यातला भो नीट फुटेना. तरी शेवटच्या अंतऱ्याला त्यांनी डोळे मिटून असा सूर लावला की वहिनी दाराशी उभ्या राहिल्या, हातातला पळा तसाच. अंबिकेनं ते तसंच्या तसं अॅपवर टाकलं. आम्ही सगळे फोनभोवती जमलो. मशीननं पुन्हा अडवलं तर आवाज तोच आहे हे सिद्ध होणार होतं. मग कुशाबा त्यालाच साक्षीदार करणार होते.

मशीननं अडवलं नाही. हरकत नाही, मालक नाही, काही नाही. सरळ जाऊ दिलं.

"जिंकलो?" कुशाबांनी विचारलं.

अंबिकेनं स्क्रीन पुन्हा तपासली. "त्यानं तुम्हाला ओळखलंच नाही, बाबा."

म्हणजे हिशेब असा झाला की तरुण कुशाबा कंपनीचा आणि म्हातारा कुशाबा कुशाबांचा. रामदासबुवा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. कुशाबा हसले नाहीत. त्यांनी पेटीचा भाता बंद केला. "साच्यावर उभं राहून कापड विणलं तेव्हा पण शिक्का शेठचाच बसायचा," ते म्हणाले. "पण तेव्हा निदान तागा हातात असायचा."

दुसऱ्या दिवसापासून त्या व्हिडिओखाली लोक लिहू लागले. एकानं लिहिलं, काका, प्रयत्न चांगला आहे, पण ओरिजिनलची मजा नाही. दुसऱ्यानं लिहिलं, जुन्या कलावंतांची कॉपी करून पोट भरणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. तिसरा मस्कतचा तोच, रडक्या चेहऱ्यांचा. त्यानं या वेळी रागावलेले चेहरे पाठवले होते. कुशाबांनी प्रत्येकाला उत्तर लिहायला घेतलं. पण फोन त्यांच्या मराठीची परस्पर दुरुस्ती करी, आणि "मीच तो" लिहिलं की "मिठाचा" उमटे. दोन दिवस मिठाच्या खुलाशांतच गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन अंबिकेला परत दिला.

पुढचं नवरात्र आलं तेव्हा टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या गच्चीत, डबलबारी करायची असं कुशाबांनी जाहीर करून टाकलं. समुद्राच्या बाजूच्या लोकांनी आवाजाची तक्रार केली. त्यांना सांगितलं की आवाज आमचा नाही, अंधेरीच्या कंपनीचा आहे, तक्रार तिकडं करा. कार्यक्रमाला कधी नव्हे ती गर्दी झाली. कुशाबांनी नवा गजर बांधला होता. देवीला विचारलं होतं, आई, नवस माझा, गळा माझा, मग तुझ्या दारी गायला परवानगी कोणाची? टाळ्या पडल्या. डबलबारीचा नियम असा की समोरच्या बुवानं उत्तर दिलंच पाहिजे. रामदासबुवांना उत्तर द्यायचं म्हणजे कंपनीची बाजू घेणं भाग होतं.

त्यांनी ती अशी घेतली की काय सांगावं. कंपनी होऊन ते कुशाबांना विचारू लागले. अरे, चाल कुणाची ढापलीस? शब्द कुणाचे? टेप कुणाच्या भावाचा? जिन्याखाली बसून किती गायकांना तू पारंपरिक केलंस? प्रत्येक प्रश्नाला पखवाजाची थाप आणि पब्लिकचा हशा. वहिनी टेपच्या कडव्याला उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. कुशाबांनी परतवायला तोंड उघडलं, पण त्यांनाच हसू फुटलं आणि त्या हसण्यात दम लागला. विजयाचा नारळ रामदासबुवांना गेला. कंपनी जिंकली, आणि ती जिंकली म्हणून सगळी जुनी चाळ नाचली.

कुशाबांचा घसा पार बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्येष्ठमध चघळत त्यांनी अंबिकेला शीवला फोन लावायला सांगितला. रामदासबुवांनी फोन उचलला, पण कुशाबांच्या गळ्यातून नुसती हवा येत होती. शेवटी अंबिकेनं फोन स्वतःच्या कानाला लावला आणि बाबांचे ओठ बघून एकेक शब्द सांगत गेली.

"बुवा, बाबा म्हणतात, पुढच्या वर्षी कंपनी ते होणार. तुम्ही कुशाबा व्हा."