दोन कार्डांमधलं बोटभर अंतर

उष्णता कुठून कुठे जाते आणि का जाते, हे मी बडोद्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये निवृत्त होईपर्यंत शिकवलं. निवृत्तीनंतर मुलाच्या कॉम्प्युटरने माझी पार दाणादाण उडवली.

मुलगा बिल्डरांसाठी फिल्म करायचा. इमारत उभी राहण्याआधीच तिच्यातून फिरवून आणणारी फिल्म. जिने, गॅलरी, कुंड्यांतली झाडं, सगळं हुबेहूब. त्यासाठी त्याच्या मशीनमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं होती आणि ती दिवसदिवस पूर्ण ताकदीने चालायची. त्याला माझी हरकत नव्हती. पण हे सगळं त्याने बसवलं होतं बुटांची दोन खोकी एकावर एक ठेवावीत एवढ्या डब्यात. तो त्याला कॅबिनेट म्हणायचा, मी डबाच म्हणायचो. एकावर एक दोन कार्डं आणि मध्ये बोटभर फट. वरच्या कार्डाचे पंखे त्या फटीतूनच हवा ओढणार, म्हणजे खालच्याने तापवून टाकलेली हवा. आम्ही राहायचो बडोद्याच्या समा भागात, दुसऱ्या मजल्यावर, आणि त्याची खोली पश्चिमेची. मे महिन्यात वरचं कार्ड भर दुपारी नव्वद अंशांच्या पुढे जायचं, हळू चालायला लागायचं आणि कधी कधी मशीन सरळ बंद पडायचं. सकाळपासूनचं काम पाण्यात.

मला त्यात पडायचं काही कारण नव्हतं. पण मुंबईची नोकरी सोडून तो घरी आला तेव्हा एकदा जेवताना म्हणाला होता, "मशीन इथे नीट चाललं तर इथूनच काम करता येईल." ते वाक्य मी धरून बसलो. आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत म्हातारा, म्हातारी आणि परदेशातून येणारा फोन एवढंच उरलं होतं. मला तसं व्हायची भीती वाटत होती, उघडउघड भीती. डबा गार राहिला तर मुलगा राहील, इतकं सरळ समीकरण मी मांडलं होतं, आणि सरळ समीकरणांवर माझा फार विश्वास.

पहिला उपाय अर्थातच डबा बदलण्याचा.

"मोठा घे. मी आणून देतो."

"रहेवा दो ने, बाबा. हाच बरा आहे."

"बरा? अरे, तंदूर आहे हा!"

तो नुसता हसला. एवढा शिकलेला मुलगा आणि एवढी साधी गोष्ट कळेना म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. एसीलाही तो नको म्हणाला. एसी म्हणजे आळशी माणसाचा उपाय, असं जन्मभर मीच सांगत आलो होतो, आता मी आपणहून घ्यायला निघालो तर हा म्हणे, "थोड्या दिवसांसाठी कशाला?" तो उन्हाळ्याबद्दल बोलतोय असं मी समजलो.

मग झाकण उघडं ठेवून पाहिलं. समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. आठ दिवसांत पंख्यांवर सिमेंटची साय धरली. बायकोने पाण्याचा कूलर ढकलत आणून डब्यासमोर लावला. ती ओली हवा आत जाताना पाहून मी असा ओरडलो की शेजारच्या बेन "शुं थयुं?" करत दारात आल्या. शेवटी मी माझ्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रे फिल्म कापून एक चपटी नळी केली, त्या बोटभर फटीत बरोबर बसणारी. तिचं दुसरं टोक डब्याच्या बाजूला भोक पाडून बाहेर काढलं आणि तिथे छोटा पंखा बसवला. आता वरच्या कार्डाला खालच्याची उष्टी हवा नाही, बाहेरची मिळणार. पंधरा दिवस खपलो. चार नळ्या वाया गेल्या, पाचवी बसली. भर दुपारी वरचं कार्ड ब्याऐंशीवर थांबलं. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, "झालं. आता कुठे जात नाही तो."

तिचं लाटणं थांबलं. "तुम्हाला त्याने अजून सांगितलं नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"कॅनडातल्या एका कंपनीत अर्ज केलाय त्याने. आता करायला घेतलीय ती फिल्म त्यांनाच दाखवायची आहे. सोमवारी पाठवायची." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मोठा डबा विमानात कसा नेणार होता तो?"

"तुला कधीपासून माहीत?"

"होळीपासून. तुम्ही तमाशा कराल म्हणून आम्ही गप्प राहिलो."

मी तमाशा केला नाही. गॅलरीत जाऊन बसलो. इतका मूर्ख मी आयुष्यात कधी ठरलो नव्हतो. मुलाला थांबवायचं म्हणून पंधरा दिवस मी त्याच्या निघण्याची तयारी करून देत होतो.

त्या फिल्मला तीन दिवस मशीन न थांबता चालायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, तो जेवून आला आणि म्हणाला, "बाबा, दोन तास पडतो. नव्वदच्या वर गेलं तर उठवा. तुम्ही बसलात म्हणजे मला काळजी नाही."

मी बसलो. आकडा ब्याऐंशी. पाच मिनिटांत तो घोरायला लागला, लहानपणी झोपायचा तसाच, एक पाय पलंगाखाली सोडून. मी नळी ओढून काढली आणि मांडीवर ठेवली.

आकडा चढायला लागला. अठ्ठ्याऐंशी झाले. एक्क्याण्णव झाले. मी त्याला उठवलं नाही. अठ्ठ्याण्णवच्या पुढे पडदा काळा झाला आणि पंखे थांबले. मग मी नळी होती तशी परत बसवली, तिचं टोक भोकात नीट घातलं आणि त्याला हलवलं. "अरे, बंद पडलं बघ."

त्याने डबा उघडला. नळी जागेवर होती. परत सगळं करायला दिवस उरले नव्हते. मशीन परत सुरू करून किती फिल्म वाचलीय ते त्याने पाहिलं. तो माझ्यावर चिडेल म्हणून मी आधीच आवाज चढवायच्या तयारीत होतो. त्याने उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची काही चूक नाही, बाबा. एवढ्याशा डब्यात याहून जास्त कुणी काही करू शकलं नसतं."

त्याने अर्धवट झालेलीच फिल्म पाठवली. त्यांनी तेवढ्यावरच त्याला घेतलं. ऑगस्टमध्ये तो गेला. विमानतळावर बायको रडली आणि मी पार्किंगवाल्याशी भांडलो.

आता दर रविवारी फोन येतो. जेवणखाण, थंडी, आईचं औषध, सगळं विचारून झालं की अधूनमधून तो म्हणतो, "बाबा, त्या दिवशी नेमकं काय झालं असेल हो? नळी तर जागेवर होती. माझ्या डोक्यातून ते जातच नाही." आणि मी त्याला समजावून सांगतो. पश्चिमेचं ऊन, भिंतीत दिवसभर साठलेली उष्णता, आत ओढली जाणारी हवाच बेचाळीस अंशांची, फटीतला अडथळा. सगळं क्रमाने, फळ्यावर लिहून दिल्यासारखं. तीस वर्षांच्या मास्तरकीत उष्णतेबद्दल मी एकाही विद्यार्थ्याला खोटं सांगितलं नव्हतं. तो नीट ऐकून घेतो आणि म्हणतो, "हां, तसंच झालं असेल."