पुस्तकातली गेली नव्हती
भाजलेल्या शेंगांचा वास आला की बोरीतली, माझ्या सासरच्या गावातली, ती संध्याकाळ आठवते. टीव्हीवर मालिकेचा शेवटचा भाग होता आणि अर्धी गल्ली भाजलेल्या शेंगा खात आमच्या घरात बसली होती. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या नणंदेला ती मालिका जिच्यावरून काढली होती ती कादंबरी मी वाचून दाखवली होती. तीत नायिका सासर कायमचं सोडते. मालिकेत मात्र ती परत गेली. बायांनी समाधानानं डोळे पुसले. सासूबाई लेकीला म्हणाल्या, “बघ, गेली का न्हाई नांदायला? तू बी जा आता.” नणंद म्हणाली, “पुस्तकातली न्हाई गेली. इचारा वैनीला.” सासूबाईंसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. “न्हाई गेली,” मी म्हणाले. नणंदही गेली नाही. मी तेव्हा पुस्तकातलीबद्दल बोलले की तिच्याबद्दल, हे मला अजून सांगता येत नाही.