अक्कांचे हात

तुळसाक्कांनी मला मशीनवर बसवलं. आधी हे लिहितो, मग बाकीचं. सातवीत शाळा सोडून मिरजेहून बंगळूरला आलो तेव्हा कानडीचा एक शब्द येत नव्हता. चिकपेटेतल्या शिवणाच्या दुकानात आपल्या गेलेल्या यजमानांचं मशीन त्यांनी मला दिलं, दोन वेळचं जेवण दिलं. तम्मा म्हणायच्या मला, धाकटा भाऊ. पुढचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

अक्का बोलायच्या त्या हातांनी. आम्हा मराठी शिंप्यांच्या समाजाचं सभागृह दुपारी रिकामंच असायचं. तिथं बायकांना शिवण शिकवू द्या, एवढं त्यांना सभेत मागायचं होतं. पंचांपुढे त्याआधी कुठली बाई उभी राहिली नव्हती. मी शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेलं, हे त्यांना ठाऊक.

"तम्मा, तू ऐक. चुकलं तर सांग, स्वल्पही भीड धरू नकोस."

आठवडाभर, जेवणं झाली की मशीनशेजारी उभ्या राहून त्या बोलायच्या. आणि काय बोलायच्या! कापडाचा तुकडा हवेत धरून म्हणाल्या, "एवढ्यात पोराचं झबलं निघतं, आणि नवरा गेलेल्या बाईचा दिवस निघतो." माझ्या अंगावर काटा आला. आणि लगेच मनात आलं — बायका शिकल्या तर या मशीनवर कोण बसणार? त्यांची भाची रुक्मा घरातच होती. मग मी कुठं जाणार? मिरजेला? कुठल्या तोंडानं?

म्हणून मी सल्ला दिला. गुरुजींच्या थाटात. हात हलवू नका, बाजारी दिसतं. कापड नकोच. लिहून देतो, कागद दोन्ही हातांत घट्ट धरा, मान वर करू नका. नकळत बोललो? छे. काय केलं की त्या पडतील, हे मला नेमकं कळत होतं.

सभेत त्यांनी कागद दोन्ही हातांत घट्ट धरला, मान खाली घातली. दुसऱ्या ओळीला अडखळल्या, पुन्हा पहिलीपासून वाचू लागल्या. एक पंच म्हणाले, "सरी, ठीक आहे, बसा अक्का. दोन ओळी वाचवत नाहीत, शिकवणार काय?" सगळे हसले. मी हसलो का? — हसलो.

त्या पंचाला मी वर्षानुवर्षं मनात शिव्या घातल्या. कुणाला फसवत होतो? त्याच्या हातात कात्री मीच तर दिली होती. नीच माणूस मी.

परतताना अक्का म्हणाल्या, "तू एवढं शिकवलंस रे, माझ्याच जिभेला जमलं नाही."

त्यानंतर त्या सभेत कधी बोलल्या नाहीत. दुकानातसुद्धा हात मांडीवर ठेवून बोलू लागल्या. ते मला दिसायचं — आणि मी पाय मारत राहायचो. मशीन माझ्याकडेच राहिलं.

अक्का अजून आहेत. एक दिवस त्याच सभागृहात, त्यांना पुढच्या रांगेत बसवून, पंचांसमोर मी उभा राहीन आणि हे सगळं बोलेन. हातात कागद न घेता.