अहिल्याबाईंचा पुढचा दात

डहाणूत गोपीनाथ सावे डॉक्टरांचं नाव होतं, पण ते दात उपटण्यात! दाढ ठणकली की पार सायवनपासून लोक यायचे आणि उपटून घेऊन जायचे. गोपीनाथ मनातून चिडायचा. अरे, मी दात वाचवायला शिकलोय, उपटायला काय डॉक्टर लागतो?

म्हणून एकोणसाठच्या उन्हाळ्यात शाळेतल्या अहिल्याबाई पुढचा किडका दात घेऊन आल्या, तेव्हा स्वारी भलतीच खूश! पुढच्या दातात चांदी भरायची म्हणजे दात काळा. छे! त्याने मुंबईहून दाताच्या रंगाचं सिमेंट मागवलं. पोलादी पट्टीने घोटलं की ते करडं पडतं, म्हणून खास अकीक दगडाची पट्टी आणली.

आणि एवढं करून माती खाल्ली. उकाड्यात हे सिमेंट घोटता घोटताच आळतं, त्यासाठी खालची काच गार हवी. याने कोळीवाड्यातून मासळीचा बर्फ आणला, काच त्यावर ठेवली आणि दात भरला. महिन्याभरात भरलेलं सगळं पिठासारखं झडलं.

"डॉक्टर, आता उपटूनच टाका," बाई म्हणाल्या.

"बाई, एकदाच संधी द्या. नाही टिकलं तर उपटतो."

बाई गेल्यावर त्याने काच पुन्हा बर्फावर ठेवली आणि बघत बसला. बघतो तर काचेला घाम! समुद्राची दमट हवा, पाणी सुटणारच. तेच सिमेंटात गेलं होतं.

"हात्तिच्या!" तो एवढ्याने ओरडला की बायको, वासंती, ताकाची बरणी घेऊन धावत आली. बरणी विहिरीत पाण्याच्या वर टांगून ठेवलेली, नुकतीच काढलेली. गोपीनाथने हात लावला. गार, पण बर्फाइतकी नाही, म्हणून घाम नाही, कोरडी ठाक!

"अगं, सापडलं!"

"ताक?" वासंतीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी काच झाकणाच्या डब्यात बसून विहिरीत उतरली. बाई खुर्चीत बसल्यावरच काच वर काढली. गोपीनाथने झपाझप घोटलं, दातात भरलं, पातळ पट्टीने दाबून धरलं. सिमेंट घट्ट झालं, तसं थुंकी लागू नये म्हणून वरून व्हॅसलीन फासलं आणि हुश्श केलं.

दोन वर्षांनी बाई दाढ दाखवायला आल्या. गोपीनाथने आरसा आधी पुढच्या दातांकडे नेला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं.

"बाई, आपण भरला तो दात कुठला हो?"

बाई खो खो हसल्या. "तुम्हीच शोधा की!"

त्याला काही तो सापडेना. "वासंती, लवकर ये गं!" तो आनंदाने ओरडला. "मला दिसतच नाहीये!"