मालकाची हरकत नाही

दिवाणी कोर्टातल्या त्या बेलिफाला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. वकील त्याला पोचपावती म्हणत, आणि वकिलांचं ऐकून एक न्यायाधीशही भर कोर्टात तसं म्हणून गेले होते. कारण साधं होतं. नोटीस घेऊन हा माणूस बाहेर पडला की सही घेतल्याशिवाय परत यायचा नाही. पाण्याच्या टाकीत दडून बसलेल्या एका भाडेकरूला त्याने टाकीतच सही करायला लावली होती, आणि कागद भिजू नये म्हणून आधी त्याचे हात स्वतःच्या रुमालाने पुसून दिले होते. एका पहिलवानाने त्याला उचलून रस्त्यावर फेकलं, तेव्हा उठून कपडे झटकत तो म्हणाला, "फेकलंत ते ठीक, आता इथे सही करा." पहिलवानाला बहुधा स्वतःचीच लाज वाटली. त्याने केली.

अशा माणसाला घरी मान असेल असं कोणालाही वाटेल. पण तो पडला घरजावई. मशिदीच्या मागे खोल्यांची एक रांग होती, त्यातली टोकाची खोली सासूबाईंच्या नावावर भाड्याने होती, आणि लग्नानंतर 'चार दिवस राहा' म्हणून आलेला हा जावई, त्याची पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली तरी तिथेच मुक्काम ठोकून होता. सासूबाई त्याला जावईबापू म्हणत. हा मानाचा शब्द त्यांच्या तोंडून असा काही यायचा की ऐकणाऱ्याला ती शिवी वाटावी. "जावईबापू जगाच्या दारात कागद टाकून येतात, स्वतःचं दार काही त्यांना अजून सापडलं नाही," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्या खोलीत त्या नवरी म्हणून आल्या होत्या आणि त्याची बायको तिथेच जन्मली होती. दोघींचा जीव त्या चार भिंतींत होता.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. मशिदीला धक्का लागणार नव्हता. सरकार तेवढं खुळं नव्हतं. रस्ता जाणार होता मागच्या खोल्यांवरून. जमीन घ्यायची तर आधी मालकावर नोटीस बजावावी लागते, आणि वर्ष संपायच्या आत ती बजावली गेली नाही तर रस्ता बारगळणार होता. इथवर सगळं सरळ होतं. अडलं ते पुढे. ती जमीन कोणे एके काळी एका व्यापाऱ्याने वक्फ केली होती, म्हणजे कायमची अल्लाहच्या नावे करून टाकली होती. जमिनीच्या कचेरीतल्या कोणा कारकुनाने मालकाच्या रकान्यात तसंच लिहून ठेवलं. त्यामुळे नोटिशीच्या पहिल्या ओळीत आलं: मालक, अल्लाह. पत्ता, मशिदीमागे.

नाझरने, म्हणजे बेलिफांच्या साहेबाने, तो कागद टेबलावरून हळूच पुढे सरकवला.

"बघ बाबा. तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

"साहेब, ही बजावू कोणावर?"

"नाव लिहिलंय की वर," नाझर म्हणाला आणि त्याने दुसरी फाईल उघडली.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे करता करता म्हटलं, "अहो, मालक सापडले नाहीत असं लिहून टाका. त्यात खोटं ते काय?" सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "उभ्या जन्मात एकदा तरी सही न घेता या," त्या म्हणाल्या. "तेवढं जमवा, जावईबापू, म्हणजे तुम्हाला फुकट पोसलं नाही असं म्हणता येईल."

नोटीस बजावली तर डोक्यावरचं छप्पर जाणार, नाही बजावली तर आयुष्यभर कमावलेलं नाव जाणार. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी त्याला नावाचीच काळजी जास्त होती. माणसाचा स्वभाव औषधाने जात नाही.

तो आधी मुतवल्लीकडे गेला. मुतवल्ली म्हणजे वक्फची देखभाल करणारा. खोलीत खिळा ठोकायचा तरी 'मालकाची परवानगी' लागायची, आणि मालकाच्या वतीने ती हाच द्यायचा. द्यायचा म्हणजे बहुतेक वेळा नाकारायचा. नोटीस बघताच तो खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"अरे बाबा, तो कुठे, मी कुठे! त्याच्या जागी मी सही करायची म्हणजे स्वतःला त्याच्या पंक्तीला बसवण्यासारखं. याहून मोठं पाप नाही."

"पण परवा शेजारणीच्या खिडकीला मालकाची परवानगी नाही म्हणालात."

"ती खिडकी होती," मुतवल्ली म्हणाला.

मग तो मौलानांकडे गेला. मौलाना दर शुक्रवारी सांगत की सार्वभौम सत्ता एका अल्लाहची. राजा असो, मंत्री असो की घरातला कर्ता, माणूस पृथ्वीवर त्याचा नुसता नायब, सोपवलेली अमानत सांभाळणारा. बेलिफाला यात आशेचा किरण दिसला. "नायबाची सही कायद्याला चालते," तो उत्साहाने म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

मौलानांनी डोळे मिटले. "नायब त्याचा हुकूम सांगायला असतो. त्याच्यावरचा हुकूम घ्यायला नसतो."

बेलिफाने टोपण परत लावलं. अल्लाहच्या नावाने हुकूम सोडायला गावभर माणसं होती. त्याच्या नावाचा एक कागद घ्यायची वेळ आली तेव्हा एकजात सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. सायकल हातात धरून परत येताना त्याला पहिल्यांदाच हलकं वाटलं. हरलो तर हरलो. टोकाची खोली राहील, सासूबाईंचा टोमणा राहील, संध्याकाळी दारात बसता येईल. काही दिवसांपूर्वी याला त्याने पळपुटेपणा म्हटलं असतं.

पण सरकार गप्प बसतं थोडंच? प्रकरण कोर्टात गेलं. त्या दिवशी बायको आणि सासूबाई मागच्या बाकावर येऊन बसल्या, आणि रांगेतली निम्मी बिऱ्हाडं भिंतीला लागून उभी राहिली. मशिदीचा वकील बुलंद आवाजाचा होता. त्याने त्या इस्लामी प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेचं पहिलं पान उघडून वाचलं: संपूर्ण विश्वाचं सार्वभौमत्व फक्त अल्लाहचं आहे. "ज्याच्या सत्तेने हे कोर्ट चालतं, त्यालाच हे कोर्ट नोटीस पाठवणार?" त्याने विचारलं. "नोकराने धन्याला घर खाली करायला सांगावं तसं हे झालं."

सरकारी वकिलाने तेच पान उघडलं आणि पुढची ओळ वाचली: ही सत्ता अमानत म्हणून जनता आपल्या प्रतिनिधींमार्फत वापरील. "जमीन त्याची, हे मान्य. सगळीच त्याची. रस्ताही त्याचाच होणार. त्याच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवायचं, एवढंच काम सरकार करतं आहे."

न्यायाधीशांना सर्दी झाली होती. दोघांचंही बरोबर आहे हे त्यांना दिसत होतं, आणि न्यायाधीशाला याच्यासारखं दुसरं दुखणं नाही. त्यांच्या प्रत्येक निकालाच्या माथ्यावर 'अल्लाहच्या नावाने' असं छापलेलं असे. त्यामुळे कोणाच्या बाजूने लिहावं तरी पंचाईत होती. त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "मुळात नोटीस बजावली गेली का?"

मशिदीचा वकील याचीच वाट बघत होता. बेलिफाला साक्षीला बोलवा, तो म्हणाला. बेलिफाला सगळ्यांनी पढवून ठेवलंच होतं. 'मालक सापडला नाही.' बस, एवढं बोलायचं आणि उतरायचं. पिंजऱ्याकडे जाताना त्याने मागे पाहिलं. बायकोने मान हलवली. सासूबाईंनी तर त्याच्याकडे चक्क हसून बघितलं. असं त्यांनी लग्नातही केलं नव्हतं.

कारकुनाने शपथ सांगितली आणि बेलिफ मागोमाग म्हणत गेला: "अल्लाह इथे हजर आहे, तो पाहतो आहे, हे जाणून मी खरं तेच सांगेन."

"तुम्ही मालकाचा शोध घेतलात?" वकिलाने विचारलं.

"घेतला."

"मालक सापडला?"

बेलिफाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ही शपथ त्याने आयुष्यात शेकडो वेळा घेतली होती, पण घेताना ती ऐकली कधीच नव्हती. आज ऐकू आली. आत्ताच, याच तोंडाने तो काय म्हणाला होता? हजर आहे. आता त्याच तोंडाने सापडला नाही म्हणायचं? तो काही मोठा धार्मिक माणूस नव्हता. नमाजाच्या वेळा त्याच्या हातून चुकत, आणि चुकल्या म्हणून तो झोपेचं खोबरं करून घेत नसे. पण ज्याला साक्षीला उभं केलं त्यालाच गैरहजर दाखवायचं, हे त्याच्या धंद्यातही बसत नव्हतं.

"बोला," न्यायाधीश म्हणाले. "सापडला की नाही?"

"साहेब," तो म्हणाला, आणि आवाज त्याचा त्यालाच परका वाटला, "आत्ताच म्हटलं ना मी, हजर आहे म्हणून."

कोर्ट हसलं. सरकारी वकील मात्र ताडकन उभा राहिला. पक्षकार कोर्टात हजर असेल तर नोटीस त्याच्यासमोर वाचली की बजावणी पुरी होते, हा नियम त्याला पाठ होता. न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर सर्दी उतरल्यासारखा भाव आला. "वाचा," ते म्हणाले.

बेलिफाने नोटीस उलगडली, पण वाचायची कोणाकडे बघून हे त्याला कळेना. सवयीने तो उंच खुर्चीकडे वळला.

"माझ्याकडे बघून नको," न्यायाधीश घाईने म्हणाले.

मग त्याने खिडकीकडे तोंड करून वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत. वाचून झाल्यावर सगळे थोडा वेळ थांबले, का ते कोणालाच सांगता आलं नसतं. बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. मग न्यायाधीशांनी निकाल सांगितला. सार्वभौमत्व अल्लाहचं आहे याबद्दल कोणत्याही पक्षाचा वाद नाही. मालक समक्ष हजर होते. त्यांनी हरकत घेतली नाही.

मोबदल्याचा दिवस आला तेव्हा मालकाच्या वतीने सही करायला मुतवल्ली सकाळीच येऊन बसला होता. थोड्या वेळाने मौलाना आले. धर्मादाय खात्याचा एक अधिकारीही शिक्का घेऊन आला. आपण त्याचे नायब कसे, हे तिघांनीही दाखले देऊन पटवलं, आणि पंक्तीला बसण्याचं पाप त्या दिवशी कोणाला आठवलं नाही. बेलिफ दाराशी उभा राहून हे ऐकत होता. त्याला राग आला, फार दिवसांनी, आणि तो कुठे काढावा ते समजेना.

पुढच्या आठवड्यात खोल्या रिकाम्या करायच्या नोटिसा निघाल्या. नाझर तसा भला माणूस. "दुसऱ्याला पाठवू का?" त्याने विचारलं. बेलिफ नको म्हणाला. आपल्या घरात दुसऱ्या कोणाच्या हातून तो कागद जावा हे त्याला सोसलं नसतं. एकेका दारात त्याने सह्या घेतल्या. कोणी शिव्या घातल्या, कोणी तोंडावर दार लावून मग पुन्हा उघडलं. शेवटी तो टोकाच्या खोलीशी आला. निकालापासून सासूबाई त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. साधा टोमणाही नाही, आणि त्या शांततेने तो पार खचला होता.

सासूबाई दारात आल्या. कागदावरचं नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं.

"माझ्या नावाची आहे?"

"हो, आई."

"मग मीच घेणार. माझ्या वतीने घ्यायला कोण बसलंय?" त्यांनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही. "त्या दिवशी कोर्टात म्हणालात, तो हजर आहे. इथे आहे का, आत्ता?"

"आहे."

"मग त्याच्यासमोर सांगते, जावईबापू. तुम्ही खोटं बोलायला हवं होतं."

या खेपेला त्या शब्दात शिवी नव्हती. शिवी असती तर त्याने पचवली असती. सासूबाईंनी चौकटीवर कागद टेकवून, अक्षर लागेल अशी, पूर्ण नावाची सही केली आणि तो त्याच्या हातात दिला.

"आत या आता," त्या म्हणाल्या. "कपाट हलवायचंय, आम्हा दोघींना पेलत नाही."